हडळीला पडलेली मतं

बेळगावात मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची आहेत. काहींना मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं, आणि बाकीची मला 'भुतांच्या बाई' म्हणतात. पहिल्या प्रकारातले पुष्कळजण आता दुसऱ्यात गेलेत आणि त्यांना त्याची जराही लाज वाटत नाही. "ओ भुतांच्या बाई, औंदा कोण येतंय वर?" असं भर बाजारात ओरडतात. मग भाजीवाली चमकते आणि माझे पाय सुलटे आहेत ना, ते हळूच बघून घेते.

याला कारण आमच्या गावातलं नाट्यमंडळ. मी निवृत्त झाले त्याच सुमारास या मंडळींनी 'अचंबा' नावाचा पुरस्कार काढला. भुताखेतांच्या, जादूच्या आणि विज्ञानाच्या गोष्टींसाठी. एकांकिका चालेल, मोबाइलवर काढलेला छोटा सिनेमा चालेल, नुसती कानानं ऐकायची गोष्टही चालेल. मराठी चालेल, कन्नड चालेल. परीक्षक मात्र कुणी नाही. ज्यांनी बघितलं, ऐकलं, त्यांनीच मत द्यायचं. आता मतदान म्हटलं की आमच्या भागात माणसांना शिक्षक आठवतात, कारण निवडणुकीच्या ड्यूटीतून इथला एकही शिक्षक सुटलेला नाही. खानापूरच्या पलीकडं रानातल्या शाळांत बाकावर पाठ टेकून मी कितीतरी निवडणुका काढल्यात. मंडळाचे चिटणीस घरी आले तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "मी भुतं मानत नाही."

"मानू नका बाई," ते म्हणाले, "मोजा."

तेव्हापासून मोजतेय.

परीक्षक असले की हरलेला माणूस परीक्षकांना शिव्या देतो. प्रेक्षकांनीच कौल दिला म्हटल्यावर शिव्या कुणाला देणार? मला. 'बाईंनी मडकं बदललं' हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. मडकं म्हणजे आमची मतपेटी. प्रत्येक गोष्टीचं एक अरुंद तोंडाचं मडकं, त्यावर त्या गोष्टीचं चित्र. मतदाराला एक चिंचोका मिळतो. साडीच्या पडद्याआड जायचं, आवडीच्या मडक्यात चिंचोका टाकायचा आणि बाहेर यायचं. वाचता येण्याची गरज नाही, भाषेचा प्रश्न नाही. पहिल्या वर्षी खानापूरकडचे एक अण्णा धोतराचा सोगा भरून चिंचोके घेऊन आले आणि पडद्याआड बराच वेळ रमले. मी आत डोकावले तर सगळा सोगा एकाच मडक्यात रिकामा करत होते.

"अण्णा, एका माणसाला एकच मत."

"मत एकच हाय की बाई," ते शांतपणे म्हणाले. "चिंचोकं आमच्या परड्यातलं हाईत."

तेव्हापासून आमचे चिंचोके रंगवलेले असतात आणि दरवर्षी रंग बदलतो. बोटाला शाईऐवजी मेंदीचा ठिपका लावतो. आणि एक अट मी स्वतः घातली. मत द्यायच्या आधी स्पर्धेतल्या गोष्टींतला एक प्रश्न विचारायचा. विहिरीत काय पडलं होतं? म्हातारीच्या हातात काय होतं? उत्तर आलं तरच चिंचोका. कारण लोक भुताला मत देत नाहीत; आतेभावाला देतात, गल्लीला देतात, एका शाळेत शिकलेल्याला देतात. प्रश्न विचारायला लागल्यावर नुसत्या नात्यावर मतं मागणारे निम्मे कमी झाले. उरलेले निदान गोष्ट ऐकून येऊ लागले, आणि मला तेवढं पुरे.

मधे एकदा तरुण पोरांनी हट्ट धरला की मतदान फोनवर घ्यायचं. घेतलं. एका उडत्या घोड्याच्या सिनेमाला अख्ख्या तालुक्यात माणसं नाहीत तेवढी मतं पडली. दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, "बाई, लोकांचं प्रेम हाय." मी म्हटलं, "असेल बाबा, पण जन्माला न आलेल्या लोकांचं मी धरत नाही." पुढच्या वर्षी मडकी परत आली.

गिऱ्हाइकं एकेक नग. नंदगडकडचे एक आप्पा दोन वर्षं सारखे येत राहिले. त्यांचं म्हणणं, तुमच्या नाटकातली भुतं खोटी, माझ्या मळ्यातला खविस खरा. मग खऱ्याला बक्षीस का नाही? मी नियम दाखवला: विजेत्यानं दुपारच्या सोहळ्यात स्वतः मंचावर यायला हवं. हा नियम झाला तोही एका दिग्दर्शकामुळं. त्यानं बक्षीस घ्यायला मेव्हणा पाठवला आणि मेव्हण्याला सिनेमाचं नाव सांगता येईना. आप्पांनी नियम नीट ऐकला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "दुपारी न्हाय येणार त्यो. काम असतंय त्याला." परत काही आले नाहीत.

भाषेवरून मात्र पहिल्याच वर्षी जुंपली. निकाल आधी मराठीत सांगायचा की कन्नडमध्ये? आमच्या भागात या प्रश्नावर माणसं जेवणाच्या ताटावरून उठतात. दोन्ही बाजूंचे लोक खुर्च्या सोडून पुढं आले, तेव्हा पहिल्या रांगेतले एक वयस्कर कन्नड गृहस्थ सुपारी कातरता कातरता म्हणाले, "देव्वक्क भाषा इल्ल री." भुताला भाषा नसते हो! दोन्हीकडचे हसले. तेवढ्यात मी नाणं उडवलं. आजही दर निकालाआधी नाणं उडतं आणि लोक निकालाइतकंच त्याकडं बघतात.

एक खंत मात्र आहे, ती इथंच सांगून टाकते. विज्ञानकथेला आमच्याकडं मतं पडत नाहीत. मी विज्ञानाची शिक्षिका. कुणीतरी मन लावून चंद्रावरच्या वसाहतीची गोष्ट करतं, हिशेब बरोबर, गुरुत्वाकर्षण बरोबर, आणि मडकं उलटं केलं की तळाशी चार चिंचोके खुळखुळतात. शेजारच्या हडळीचं मडकं दोन माणसांनी उचलावं लागतं. त्या विभागाचा निकाल मी दरवर्षी सगळ्यात मोठ्यानं जाहीर करते. आवाजानं तरी भरून काढावं म्हणून.

आता हडळीबद्दल.

आमचा सोहळा एक वर्ष बेळगावात असतो, एक वर्ष निपाणीत. आणि असतो भर दुपारी. भुतांचा कार्यक्रम टळटळीत उन्हात कशाला, असं बाहेरगावचे लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. आमच्या खऱ्या मतदार म्हणजे निपाणीच्या विड्या वळणाऱ्या बायका, आणि त्यांना दिवेलागणीला घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या असतात. विड्या वळायचं काम एकदा बघाच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. दोन्ही हात आणि डोळे दिवसभर गुंतलेले. मोकळे काय, तर कान. पूर्वी त्या एकमेकींच्या सासवांच्या गोष्टी ऐकायच्या. आता मधोमध फोन ठेवतात आणि भुताच्या गोष्टी लावतात. एवढं ध्यान देऊन ऐकणारा श्रोता मी कुठल्या सभागृहात बघितला नाही. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतात. मेंदीचा ठिपका त्यांना मनगटावर लावावा लागतो, कारण तंबाखूनं बोटं आधीच रंगलेली असतात.

या बायकांच्या म्होरक्या कमळाआक्का. अंगानं काटक, कपाळावर हे एवढं कुंकू, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी पाणी पिऊन घ्यावं. निपाणीतल्या पहिल्याच सोहळ्यात एकांकिकेत मुंजा झालेला मुलगा बक्षीस घ्यायला वर आला, तर या मागून चढल्या. हातात ताटली, ताटलीत मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या.

"आक्का, हे काय?" मी विचारलं.

"दृष्ट काढायची हाय. भुताचं सोंग घ्यून वरीसभर हिंडतंय पोरगं. आणि इतक्या माणसांचं डोळं लागल्यालं."

मी माईकपासून तोंड बाजूला करून सांगितलं की मी विज्ञानाची शिक्षिका आहे आणि माझ्या मंचावर हे चालणार नाही.

"तुमचं शास्त्र शाळंत ठिवा बाई," आक्का म्हणाल्या. माईकपासून तोंड वगैरे त्यांनी काही बाजूला केलं नाही. "मीठ माझं हाय."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मुलानं मान खाली घातली आणि आक्कांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून मागच्या दाराशी ठेवलेल्या शेगडीत टाकल्या. मीठ तडतडलं. ते का तडतडतं हे मी जन्मभर पोरांना शिकवलंय. खड्याच्या आत अडकलेलं पाणी तापतं आणि खडा फुटतो. पण शाल-श्रीफळ घेताना इकडंतिकडं बघणारा तो मुलगा दृष्ट काढताना रडला, हेही मी बघितलं. तेव्हापासून अचंबाच्या विजेत्याची दृष्ट काढतात आणि ती कमळाआक्काच काढतात. बेळगावला सोहळा असला तर बसनं येतात, मीठ पदरात बांधून.

गेली काही वर्षं या सगळ्या बायकांना एकाच गोष्टीनं वेड लावलंय. 'बांधावरची आक्का.' फोनवर दर आठवड्याला एक भाग येतो. गोष्ट एका हडळीची. सांजवेळी ती शेताच्या बांधावर उभी असते आणि वाटेनं जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारते. "जेवलीस काय गं?" पुरुष असला तर, "जेवलास काय रं?" बस्स, एवढंच. आपल्याकडं चहासारखं दिवसातून दहादा विचारलं जाणारं हे वाक्य, पण तो आवाज अशा काही मायेनं विचारायचा की अंगावर काटा यायचा. ती काही करत नाही, धरत नाही. ऐकणारा पळतो. रानात अशी हाक आली तर ओ द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत, त्यामुळं इतक्या भागांत तिला एकदाही कुणी उत्तर दिलेलं नाही. बाया म्हणायच्या, "बाई, त्या पळणाऱ्याचं न्हाय, त्या हडळीचंच वाईट वाटतंय बगा."

आवाज कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. खरं नाव नोंदवल्याशिवाय मी कुणाला स्पर्धेत घेत नाही. ते नाव माझ्याजवळ राहतं आणि बाहेर टोपणनाव जातं. ही गोष्ट स्पर्धेत उतरली त्या वर्षी नावनोंदणीला एक नीटनेटक्या साडीतली बाई माझ्या घरी आली. शालन. कॅम्पातल्या एका शाळेच्या ऑफिसात काम. नवरा लष्करातून निवृत्त झालेला आणि कानानं अधू, त्यामुळं बायको घरात गोधडी पांघरून, फोनवर भाग रेकॉर्ड करत हडळ होते याचा त्याला कधी त्रास झाला नव्हता. ऑफिसात ती हिंदी-इंग्लिश बोलायची, गुळगुळीत. माझ्याशी मात्र गावचं बोलली.

"बाई, माझं नाव तेवढं भाईर काढू नका. पोरीचं लगीन ठरायलंय."

"मग भाग कशाला घेतेस?"

"त्या बायका माझं ऐकत्यात. त्यांचं मत काय हाय ते कळू दे की मला एकदा."

नाव लपवता येईल, पण जिंकलीस तर स्वतः यावं लागेल, असं मी बजावलं. "मी कुठली जिंकतीया," म्हणून ती हसली. तेव्हा तिला आणि मला दोघींनाही कल्पना नव्हती की मुलीचं स्थळ निपाणीचं निघेल.

सोहळ्याच्या आधी मी मडकी घेऊन निपाणीला गेले. मतदान त्यांच्या बसण्याच्या जागीच घेते मी. हातातलं काम टाकून त्यांनी माझ्याकडं का यावं? सगळ्यांचं झाल्यावर कमळाआक्कांनी मला चहाला थांबवलं.

"बाई, तुम्ही बेळगावच्या. कॅम्पातली शालन म्हणून कोण हाय, वळखता काय?"

मी चहा फुंकत राहिले.

"माझ्या थोरल्याला तिची पोरगी केलीया. करायलोय म्हणा. पोरगी झ्याक हाय, बाप बी सादा हाय. पर ती आई! आम्ही त्यांच्या घरला गेलतो. चार जिन्नस केलतं, वाढलं समदं. पर तोंडातनं एक शब्द न्हाय! घरला आल्याल्या माणसाला 'आणि घ्या की', 'पोटभर जेवलासा काय', एवढं सुदिक इचारू ने? नुसती मान हलवायची. आम्ही विड्या वळणारी, ती ऑफिसात बसणारी. लई शिष्ट. माझी सून तिथनं येणार, उद्या नातवंडं तिच्या मांडीवर. मोडतो म्हणते मी. तुमचा कार्यक्रम झाला की निरोप धाडते."

मी कप खाली ठेवला. शालन का बोलली नाही हे त्या घटकेला माझ्या लख्ख ध्यानात आलं. पाहुण्याला विचारायचं ते साधं वाक्य, जे नाही विचारलं तर शिष्ट ठरतो, तेच तिचं हडळीचं वाक्य होतं. तिनं 'जेवलासा काय' एवढं म्हटलं असतं तर या बाईंनी घास टाकून तिला ओळखलं असतं. आणि नुसतं 'बसा' म्हटलं असतं तरी ओळखलं असतं. दिवसभर कानाशी असलेला आवाज.

आक्कांना मी काही सांगू शकत नव्हते. गुप्तता पाळायचा शब्द दिलेला. निवडणुकीच्या ड्यूटीत जन्म गेला, जिभेला गाठ मारायची सवय आहे, पण त्या दिवशी ती गाठ मला टोचली. एवढंच म्हटलं, "आक्का, निरोप कार्यक्रमानंतरच धाडा हां. आधी नको."

"का वो?"

"दृष्ट काढायला मन शांत पाहिजे ना."

"आता कसं शास्त्राचं बोललासा," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी कॅम्पात शालनच्या घरी. आक्कांची तक्रार काही गुपित नव्हती. ती मी जशीच्या तशी सांगितली. शालन ओट्याला टेकून उभी राहिली.

"बोलले तर वळखतील, न बोलले तर शिष्ट. काय करू बाई?"

"ओळखू देत की. त्यांचा जीव आहे तुझ्या बांधावरच्या आक्कावर."

"गोष्टीतल्या हडळीवर जीव असतोय. सोयरिकीत न्हाय चालत." आणि मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तिची एक आत्या होती, खानापूरकडच्या खेड्यात. पोर गेलं, नवरा गेला, आणि आत्या सांजेला बांधावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागली, जेवलास काय रं. एवढंच. कुणाला दगड मारला नाही की शिवी दिली नाही. पण गावानं तिला हडळ ठरवलं. पोरं पळायची. मोठी माणसं वाट बदलायची. शालनच्या थोरल्या बहिणीची ठरलेली सोयरीक त्यापायी मोडली. हडळीच्या घरातली मुलगी नको म्हणाले. "मी बी पळायची बाई, तिला बघून. लहान होते. तिला कुणी कंदी उत्तर दिलं न्हाय. आता माझ्या लेकीला बी तेच नाव चिकटलं तर?"

भुतं नसतात हे मी किती पोरांना शिकवलं, पण भूत नसतानाही एखाद्या बाईला हडळ करता येतं, हे कुठल्या धड्यात नव्हतं आणि मीही कधी शिकवलं नाही. मला फार वाईट वाटलं.

निकाल मला माहीत होता. मडकी मोजून झाली होती आणि हडळीच्या जवळपासही कुणी नव्हतं. पेपर तपासून आलेल्या मास्तरणीचं कोरडं तोंड करून मी उठले. दारात एवढंच म्हणाले, "यायचं की नाही, ते तुझ्या हातात आहे. नाही आलीस तर पुरस्कार दुसऱ्या नंबरला जाईल आणि तुझं नाव माझ्यापाशीच राहील. पण शालन, गप्प बसून लग्न वाचत नाहीय. ते तर मोडतंच आहे."

निपाणीत सोहळ्याच्या दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगा विडीवाल्या बायकांच्या, मागं कॉलेजची मुलं, बेळगावहून आलेली मंडळी, कडेनं उभे असलेले रिक्षावाले. मी मंचावरून सारखी दाराकडं बघत होते. विज्ञानाचा निकाल सगळ्यात मोठ्या आवाजात सांगितला, त्या चार चिंचोक्यांच्या विजेत्याची आक्कांनी रीतसर दृष्ट काढली. "अंतराळात लई हिंडू नको रं, तिकडं बी नजर लागतीया," असं त्याला बजावलंही. मग जादूचा विभाग झाला. तेवढ्यात शेवटच्या रांगेत शालन आणि तिची लेक येऊन बसलेल्या दिसल्या. आक्कांनाही दिसल्या.

"आली बगा शिष्टबाई," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. ताटलीत मीठ नीट सारखं करत होत्या.

नाणं उडवलं, मराठी आली. "भीती विभाग. तुमचा कौल, बांधावरची आक्का!"

छप्पर खाली येतंय की काय असा गलका झाला. बायका उठून उभ्या राहिल्या, माना वळवून दाराकडं बघायला लागल्या. हडळ दारातूनच येणार ना! आणि मागच्या रांगेतून शालन उठली.

"आता ही कुठं निघाली मधीच?" कमळाआक्का म्हणाल्या.

शालन मधल्या वाटेनं चालत आली. लोक अजून दाराकडंच बघत होते. ती पायऱ्या चढली. आक्कांनी ताटली छातीशी धरली. "बाई, हिला कशाला वर घेतलासा?"

"मीठ तयार ठेवा आक्का," मी म्हटलं.

शालन माईकसमोर उभी राहिली. पदर घट्ट धरलेला, ओठ मिटलेले. मला वाटलं, आता ही परत जाणार. मग ती माईककडं न बघता, हातभर अंतरावर उभ्या असलेल्या कमळाआक्कांकडं वळली.

"त्या दिशी घरला आलतासा. मी वाढलं, पर इचारलं न्हाय. तुम्ही माझा आवाज वळखशीला म्हणून भ्यालते. शिष्ट न्हाय मी." ती थांबली. तिसऱ्याच शब्दाला पुढच्या रांगेनं आवाज ओळखला होता. "आता इचारते. जेवलासा काय?"

कुणीतरी 'आई गं!' म्हणून किंचाळलं. कमळाआक्कांनी ताटली बाजूच्या टेबलावर ठेवली. त्यांनी शालनला वरपासून खालपर्यंत बघितलं. पायांकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळल्या, माईकपासून तोंड बाजूला न करता.

"बाई, मी हिला शिष्ट म्हणत हुते. ही तर हडळ निघाली!" आणि एक दम घेऊन, "हडळ चालंल मला. शिष्ट न्हाय चालायची."

काय हसले लोक! बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. शेवटच्या रांगेत शालनची लेक तोंडात पदर कोंबून बसली होती. आक्कांनी मूठभर मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या आणि शालनवरून ओवाळायला लागल्या. नेहमीपेक्षा सावकाश, डोक्यापासून पायापर्यंत. मी बाजूला सरकून जागा करून दिली. खडा का तडतडतो, ते त्या दिवशी मला कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

ओवाळून झालं तरी आक्कांनी मूठ उघडली नाही. दुसऱ्या हातानं शालनची हनुवटी वर केली. गोष्टीतल्या त्या हडळीला कधी कुणी ओ दिली नव्हती. बांधावर उभ्या राहणाऱ्या त्या आत्यालाही नाही, पण तिच्याबद्दल आक्कांना काहीच माहीत नव्हतं.

"जेवले गं बाई," कमळाआक्का म्हणाल्या. "तू जेवलीस काय?"